उबेची जागा

लुबुक गोडांग
सोमवार, १२ सप्टेंबर १९९४

बहारमामा, सलाम.

मी रिसमा, तुमची उपिक. सहावीनंतर पेन हातात धरलं नव्हतं, तेव्हा अक्षराला हसू नका. सामसियामावशी म्हणाली, "आई नाही, नवरा तिकडे बाताम बेटावर इमारती बांधतोय, मग मामाला नाही लिहिणार तर कुणाला लिहिणार? आपल्यात भाचीचं मामाच बघतो."

मुर्नी सात महिन्यांची झाली. दूध पिते, हसते, माझे केस ओढते. पण झोपत नाही, मामा. डोळा लागला की दचकून उठते. आणि ती झोपली की मी झोपत नाही, तिच्या नाकाखाली बोट धरून बसते. मोठीचं तुम्हाला माहीतच आहे. ती झोपेतच गेली. मी शेजारी होते आणि मला कळलं नाही. हिला काही झालं तर मी काय करू?

मावशी म्हणते, "पोरगी श्वास घेते की नाही ते बघता बघता तूच घ्यायचा विसरशील." तिला हसायला काय जातं.

मी घराबाहेर पडत नाही. पाण्याला जायचं तरी मावशीला सोबत नेते. मागच्या महिन्यात वरच्या ओढ्यापाशी रानातल्या आजोबांचं पाऊल दिसलं. त्या पट्टेवाल्या आजोबांचं नाव काही मी घेत नाही.

एक सांगायचं म्हणजे, हल्ली रविवारी पदांगहून कॉलेजची पोरं येतात. पाठीवर रंगीत पिशव्या, पायात बूट. आपल्या घरामागच्या जुन्या खाणीच्या वाटेनं सकाळी रानात जातात, संध्याकाळी चिखलानं भरून येतात. कामाला नाही, नुसतं चालायला! माझ्याकडे कॉफीच्या पानांचा काढा पितात आणि केळ्याची भजी खातात. त्यांच्यातल्या देस्मा नावाच्या पोरीला मी विचारलं, "एवढं काय आहे वर?" तर म्हणाली, "ताई, तुम्ही इथल्या, तुम्हीच सांगा की."

जन्म या वाटेच्या तोंडाशी गेला आणि बोगद्याच्या पलीकडे मी पाऊल टाकलेलं नाही. तुम्ही तर खाण बंद होईपर्यंत तिथे होता. काय आहे वर?

आणि झोपेवर काही इलाज असेल तर तोही लिहा.

तुमची उपिक


दुमाई
बुधवार, २१ सप्टेंबर

उपिक, माझ्या बाई,

वर काय आहे ते मी सांगणार नाही. जा आणि बघ. माझे गुडघे मला मामीच्या अंगणापलीकडे जाऊ देत नाहीत, तेव्हा आता तुझे पाय माझे.

मुर्नी झोपत नाही कारण तू तिला झोपू देत नाहीस. नाकाखाली कुणी बोट धरलं तर मी तरी झोपेन का? पाठीला बांध तिला आणि चाल. खाणीतल्या बायकांची पोरं पाठीवरच झोपली नि पाठीवरच वाढली.

ती पोरं जातात तेव्हा त्यांच्याबरोबर जा, म्हणजे आजोबाही वाट सोडतील. आणि मला तीन गोष्टी बघून सांग. बोगद्याच्या तोंडावर दगडात काहीतरी कोरलेलं आहे, ते काय? कोळसा धुवायच्या कारखान्याचं छप्पर आहे की गेलं? आणि अगदी वर, चढण संपते तिथे, माझं चाक आहे का? कोळशाच्या गाड्या दोरावरून ज्यानं ओढायच्या ते चाक. जवानी मी त्याला ग्रीस चारण्यात घालवली. साहेब ओरडायचा, "बहार, तुझं चाक रडतंय!" मी ग्रीस लावायचो, दुसऱ्या दिवशी ते परत रडायचं. चाकच कशाला, त्या दोराच्या खांबांवरची कडी न् कडी रडायची.

बोगद्याला भिऊ नकोस. त्याची दोन्ही तोंडं उघडी आहेत, वारा खेळतो. भ्यायचं ते कोंडलेल्या जागेला. आम्ही खाणीत भाताचा पुडा सोडायच्या आधी दिवा जमिनीला टेकवायचो. ज्योत खाली बसली की आम्ही उठायचो. कितीदा उभ्यानं जेवलोय! तुझी मामी अजून हसते, कारण घरातसुद्धा पहिला घास मी उभ्यानंच खातो.

जाऊन ये आणि लिही. मला इथे समुद्राशिवाय बघायला काही नाही.

बहारमामा


लुबुक गोडांग
मंगळवार, ४ ऑक्टोबर

मामा,

गेले! खरंच गेले. मावशीचा विश्वास बसत नव्हता. "ही? आणि रानात? आधी उंबऱ्याच्या बाहेर तर पडू दे."

मुर्नीला पाठीला बांधलं आणि खाणीच्या जुन्या स्टेशनापासून निघालो. रूळ कुणीतरी कधीच काढून नेलेत, पण खालचे दगड आहेत, त्यावरूनच वाट जाते. वाट अंगावर येत नाही, हळूहळू चढते. बोगद्याच्या तोंडावर एक साल कोरलंय आणि खाली दोन हातोडे एकमेकांवर आडवे. सालाचा शेवटचा आकडा शेवाळानं खाल्लाय. मी काठीनं खरवडला, तर दोन निघाला. देस्मा म्हणाली, "ताई, इतके रविवार येतोय, हे कुणाला दिसलं नव्हतं." आत वटवाघळं होती, पाणी ठिबकत होतं, मी अर्ध्या वाटेत डोळे मिटले. मग वाटलं, मामा काय विचारतील आणि मी काय सांगणार? म्हणून उघडले. भिंतीवर काजळीचे जुने पट्टे आहेत, हात फिरवला तर अजून काळा होतो.

पुढे पूल आहे, त्याच्या फळ्या गेल्यात, नुसतं लोखंड उरलंय. मी देस्माचा हात घट्ट धरला तर ती ओरडली, "ताई, मला धरू नका, मी स्वतःच पडतेय!" तरी दोघी पलीकडे पोचलो.

कारखान्याचं छप्पर गेलं, मामा. खांब उभे आहेत आणि खिडकीतून झाड बाहेर आलंय, मुळं भिंतीवरून अजगरासारखी. मध्ये पांढऱ्या फरशीची एक मोठी टाकी आहे. पोरं भांडत होती, एक म्हणे कोळसा धुवायची, दुसरा म्हणे साहेबाची आंघोळीची. कशाची होती?

आता खरी गोष्ट. कारखान्यामागे काळी टेकडी आहे, तिच्यावर गवत उगवत नाही. तिच्या पायथ्याशी विटांनी बांधलेला एक खोलगट खड्डा आहे, एक छोटं अंगण मावेल एवढा. तिथली जमीन उबदार आहे! आदल्या रात्री पाऊस झाला होता, सगळं रान ओलं आणि ती जागा कोरडी. हात ठेवला तर म्हशीच्या पोटाला हात लावल्यासारखं वाटलं. आणि डास एकही नाही. ओढलेल्या काडीसारखा थोडा वास येतो, एवढंच.

खड्ड्यावर एक लोखंडी खांब वाकलेला आहे, त्याला कडी. पोरं पुढची चढण चढायला गेली, माझे पाय दुखत होते, म्हणून मी थांबले. साप येईल, आजोबा येतील म्हणून मुर्नीची झोळी कडीला चांगली उंच टांगली, माझ्या डोक्याच्या वर. मी खाली बसून दोरी ओढत राहिले. कडी करकरायला लागली, कर्र कुईं, कर्र कुईं. आणि मामा, मुर्नी झोपली! तोंड उघडं टाकून. पोरं परत आली तरी झोपलेलीच. मी उठून उठून नाकाखाली बोट धरलं. श्वास चालू होता. मी रडले.

तुमचं चाक मात्र बघायचं राहिलं.

मावशी म्हणते, ती जागा पिराची आहे. खाण खोदायला साखळीत बांधून आणलेल्या कैद्यांत कुणी एक भला माणूस होता, तो खाली बसलाय, म्हणून जमीन उबदार आहे. खरं असेल का? नाहीतर मग जमीन गरम का?

उपिक


दुमाई
बुधवार, १२ ऑक्टोबर

उपिक,

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं, मग शेजाऱ्याला, मग परत मामीला. साल खरवडून काढणारी भाची माझी आहे, हे सगळ्यांना सांगितलं.

टाकी साहेबाची. त्याला त्यात बसून आंघोळ करायला आवडायचं आणि कारखान्याचंच गरम पाणी लागायचं. पोरांना सांग, दोघंही थोडे थोडे बरोबर.

पिराचं मला माहीत नाही. माझ्या वेळी नव्हता. विटा म्हणतेस तर तिथे जुनी भट्टी असणार. विटा दिवसभर ऊन पितात आणि मग सोडत बसतात, दुसरं काय. पोरगी झोपते ना, मग झोपू दे.

चाक बघ. तेवढं राहिलंय.

बहारमामा


लुबुक गोडांग
गुरुवार, २० ऑक्टोबर

मामा,

मी आता एक दिवसाआड वर जाते. आधी मावशीबरोबर, आता पुलापर्यंत एकटीसुद्धा. तुम्ही म्हणता भट्टी, पण ऊन नसतं तेव्हाही जमीन गरमच असते. या आठवड्यात पाऊस लागलाय, तर पाऊस थांबला की त्या खड्ड्यातून वाफ निघते, भाताच्या पातेल्यासारखी. मग ती कुठून येते? मला सारखं तेच डोक्यात येतं.

डोकं तसं जड असतं माझं. तिथे बसून आले की कपाळ ठणकतं आणि घरी येऊन ओकारी येते. कितीतरी महिन्यांची झोप राहिलीय, ती अंगावर निघत असेल. मुर्नी मात्र छान. झोळीत झोपते, उठते, हसते.

आता गावातल्या बायका यायला लागल्यात. कुणी नवस बोलतं, कुणी कापडाची चिंधी बांधतं. परवा मावशीचं करडू आमच्या मागोमाग आलं, त्या उबेत जाऊन पसरलं आणि उठलंच नाही. मेलं. कुठे जखम नाही, चावा नाही. मावशी आधी रडली, मग म्हणाली, "पिरानं पदरात घेतलं."

आता ती माझ्या मागे लागलीय. "लेकरू पिराच्या मांडीवर द्यायचं सोडून हवेत काय टांगून ठेवतेस? ती कडी करकरते, पिराला त्रास होतो. खाली चटई टाक, आधी धूप लाव, मग पोरगी जमिनीवर निजव. जन्माची झोपेल." पुढच्या शुक्रवारी, म्हणजे अठ्ठावीसला, करायचं ठरलंय.

मला भीती वाटते. पण मला कशाची वाटत नाही? सगळे भित्री म्हणतात, तुम्हीही मनात म्हणत असाल. या वेळी नाही भ्यायचं, असं ठरवलंय.

उपिक


दुमाई
बुधवार, २६ ऑक्टोबर
बसच्या उजांग ड्रायव्हरच्या हाती

उपिक,

मुर्नीला त्या खड्ड्यात नेऊ नकोस. हे वाचून मगच पुढचं वाच. नेऊ नकोस.

ती भट्टी नाही. मी चुकलो. करडाचं वाचलं तेव्हा कळलं. ती काळी टेकडी म्हणजे कोळशाचा टाकलेला चुरा. तो पोटातल्या पोटात आपोआप पेटतो आणि वर्षानुवर्षं धुमसतो. जाळ दिसत नाही, धूरही दिसत नाही. पण वाईट हवा निघते आणि खोलगट जागेत पाण्यासारखी साचते, पावसानंतर जास्तच. डास नाहीत ते त्यामुळे. तुझं डोकं त्यामुळे. करडू त्या हवेत बुडालं.

साप आणि आजोबांना भिऊन तू झोळी उंच टांगलीस, म्हणून मुर्नी आहे. तुझ्या त्या भित्रेपणाच्या मी पाया पडतो. झोळी खाली घेऊ नकोस.

उजांग म्हणतो, उद्या सकाळी पोचवतो. मी आज जेवलेलो नाही.

बहारमामा


लुबुक गोडांग
रविवार, ३० ऑक्टोबर

मामा,

आधी हे वाचा, मुर्नी माझ्या मांडीवर आहे आणि हे पत्र ओढतेय. कोपरा फाटलाय तो तिनं फाडलाय. आता जेवा.

तुमची चिठ्ठी काल संध्याकाळी आली. घाटात दरड पडली होती, दोन्हीकडच्या बसगाड्या अडकल्या. उजांग चिखलानं माखलेला दारात उभा राहिला आणि पहिलं काय म्हणाला? "बाळ कुठंय?" तुम्ही त्याला काय सांगून पाठवलं होतं, देव जाणे. मी मुर्नीला वर धरून दाखवली तेव्हा तो पायरीवर मटकन बसला. तोवर शुक्रवार होऊन गेला होता.

शुक्रवारी आम्ही गेलो. मावशी पुढे, हातात धुपाचं मडकं, मी मागे. रात्रभर पाऊस झाला होता. वाफ नेहमीपेक्षा जास्त होती. मी चटई अंथरली. मुर्नी माझ्या कमरेवर. मावशी म्हणाली, "आधी धूप, मग पोर." तेवढी एक रीत होती म्हणून, मामा.

मावशीनं वाकून काडी ओढली. पेटली, मडक्यापाशी नेली, विझली. दुसरी ओढली. विझली. वारा म्हणावा तर पान हलत नव्हतं. मावशीचा चेहरा उतरला. "पीर रागावलाय. तू मनातून भितेस म्हणून. दे ती पोर इकडे, मीच निजवते."

मी मुर्नीला देणार होते. हात पुढे केलासुद्धा. आणि मला तुम्ही आठवलात, उभ्यानं भात खाताना.

मी म्हटलं, "मावशी, थांब जरा. मला काडी दे."

"आता तुला काय कळतं धुपातलं?"

"धुपातलं नाही. दे."

उभी राहून डोक्याजवळ काडी ओढली. छान पेटली, नखापर्यंत आली. दुसरी ओढली आणि हळूहळू खाली नेली. कमरेपाशी जळत होती. गुडघ्यापाशी बारीक झाली. त्याखाली गेली मात्र, कुणी चिमटीत धरून विझवावी तशी गेली. परत केलं. तिथेच विझली. आणखी एकदा. मामा, मला भीती वाटायला हवी होती, पण मी नुसती बघत होते. पाण्याला कशी एक रेघ असते, तशी तिथे रेघ होती. दिसत नव्हती, पण होती. आणि ती चटईच्या कितीतरी वर होती.

मग भीती आली.

"मावशी, वर चल. पीर नाही इथे. तुझं करडू श्वासाला मुकलं."

"बडबडू नकोस," म्हणाली आणि हट्टानं मडक्यावर वाकली, स्वतः काडी लावायला. वाकली ती गुडघ्यावरच आली. डोळे फिरले तिचे. मी एका हातानं मुर्नीला धरलं, दुसऱ्या हातानं मावशीचा दंड, आणि म्हैस ओढावी तशी ओढली. मावशीचं वजन तुम्हाला माहीत आहे.

खड्ड्याच्या बाहेर आलो तरी मी थांबले नाही. कुठे जायचं सुचेना, एवढंच कळत होतं की वर. चढण, दगड, वेली, मावशी मागून शिव्या देत, "अगं ए, मारतेस का मला!" शिव्या ऐकून बरं वाटत होतं. श्वास असल्याशिवाय शिव्या कुठून येतील? चढण संपली तिथे मी बसले, आणि वर बघितलं तर तुमचं चाक.

आहे, मामा. घराएवढं आहे. आऱ्यांतून एक झाड वर गेलंय, म्हणून आता ते फिरणार नाही, पण पडणारही नाही. वर कुठल्याशा पाखराचं घरटं आहे. मधल्या दांड्याजवळ बोट घातलं तर काळं झालं. ग्रीस! तुमचं ग्रीस अजून ओलं आहे. त्याचीच मुर्नीच्या कपाळाला तीट लावली. मावशी म्हणाली, "शी, काय घाण," आणि मग हळूच म्हणाली, "मलाही लाव."

काडी ओढली म्हणून ओरडाल, ते ओरडा. भडका उडेल म्हणून खाणीत काडी ओढणाऱ्याला तुम्ही काय करायचात ते आईनं सांगितलं होतं. पण मी काडी ओढलीच नसती तर हे पत्र नसतं.

बायकांना सांगायला गेले तेव्हा कुणी ऐकेना. मावशीनंच सगळ्यांना गप्प केलं. "पीर असेल तर असेल, पण तो श्वास घेऊ देत नाही. जिला मांडीवर बसायचंय तिनं आधी काडी न्यावी." आज रविवार, पोरं आली. मी खड्ड्याच्या काठावर उभी राहून लांब बांबूला जळती चिंधी बांधली आणि खाली सोडली. विझली तशी सगळी काठावरून मागे सरकली. आत उतरायच्या वाटेवर आम्ही काटेरी फांद्या टाकल्यात. देस्मानं विचारलं, "ताई, पुढच्या रविवारी नवी पोरं येणार आहेत. तुम्ही पुढे चालाल का?" मी हो म्हटलं. पुलावर माझा हात धरायचा नाही, असंही सांगितलं.

आणि हे ऐका. मुर्नी घरी परत झोपेना. मला वाटलं, ऊब गेली, झोप गेली. मग शंका आली, ऊब तर मला लागत होती, ती तर वर टांगलेली. तिच्यापाशी काय होतं? पोरांनी वरच्या कडेवरूनच बांबूच्या आकड्यानं ती कडी काढून दिली. ओसरीच्या तुळईला ठोकली, झोळी बांधली, दोरी ओढली. कर्र कुईं, कर्र कुईं. तोंड उघडं टाकून झोपली. जमिनीनं नाही, पिरानं नाही, तुमच्या रडक्या लोखंडानं निजवलं तिला.

मी अजून बोट धरते नाकाखाली. पण एकदाच. मग मीही झोपते.

आता मावशी तेलाची बाटली घेऊन ओसरीवर आलीय, म्हणते, "कान किटले." तिला सांगितलंय, कडीला हात लावशील तर बघ.

तुमची उपिक